कॅमेरा घेऊन वनांत जातांना

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली म्हणजे पहिल्या आठवड्यांत मुलांच्या बोलण्यांत एकच विषय असतो : कोण कोठें गेला, आणि कोणीं काय पाहिलें. पूर्वीं मामाचें गांव, महाबळेश्वर किंवा समुद्रकिनारा येवढ्यांत हा विषय संपत असे. अलीकडे त्यांत राष्ट्रीय उद्यानांची भर पडली आहे. कोणी ताडोबास जाऊन येतो, कोणी पेंचला, कोणी मध्यप्रदेशांतील कान्ह्यास. आणि पुष्कळांच्या गळ्यांत घरांतला कॅमेरा अडकविलेला असतो. ही आवड वाढत आहे याचा आम्हांस मनापासून आनंद वाटतो. परंतु एका विद्यार्थ्याच्या उत्तरानें आम्हांस विचार करावयास लाविलें. तो ताडोबाहून नुकताच परतला होता. आम्हीं सहज विचारिलें, "काय काय पाहिलेंस रे?" तो खिन्न मुद्रेनें म्हणाला, "कांहींच दिसलें नाहीं." वाघ दिसला नाहीं, एवढाच त्याच्या म्हणण्याचा अर्थ होता.

ज्या अरण्यांत तो मुलगा दोन दिवस फिरला तें चंद्रपूर जिल्ह्यांतील अरण्य १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. महाराष्ट्रांतील राष्ट्रीय उद्यानांत तें सर्वांत जुनें. पुढें १९९५ सालीं अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. आज त्याचा नुसता गाभाच सुमारें ६२५ चौरस किलोमीटर आहे. तेथें साग आहे, बांबूचीं बेटें आहेत, ऐन, मोह, तेंदू व अर्जुन आहेत. तळ्यांत मगरी आहेत. तळ्याच्या कांठीं गोंड लोकांच्या तारू देवाचें स्थान आहे. हा तारू गांवचा प्रमुख असून वाघाशीं झुंजतां झुंजतां त्यास मरण आलें, आणि त्याच्याच नांवावरून ताडोबा हें नांव पडलें, अशी तिकडे कथा सांगतात. चितळांचे कळप, सांबर, गवे, मोर, वानरें यांपैकीं किती तरी त्या मुलाच्या डोळ्यांपुढून गेलीं असतील. तरी त्याच्या लेखीं तें सारें 'कांहींच नाहीं'!

आम्ही त्या मुलास दोष देत नाहीं. तो निघाला तेव्हां घरच्या माणसांनीं त्यास एकच सांगितलें असेल, कीं वाघाचा चांगला फोटो घेऊन ये. आणि तो परतला तेव्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं त्यास एकच विचारिलें असेल, कीं वाघ दिसला का? मापट्याचा दोष मापून आणणाऱ्याच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. तें माप आम्हां वडील माणसांनींच त्याच्या हातीं दिलें आहे. म्हणून प्रस्तुत लेख जितका विद्यार्थ्यांसाठीं आहे तितकाच, किंबहुना अधिक, त्यांच्या पालकांसाठीं आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : कॅमेरा हें पाहण्याचें साधन आहे, मिळविण्याचें नव्हे, छायाचित्रकारानें प्राण्याची वाट पाहावी, प्राण्याची वाट अडवूं नये.

कांहीं विचारी गृहस्थ याच्याहि पुढें जाऊन म्हणतात, कीं कॅमेरा बाळगणाऱ्यांस वनांत जाऊंच देऊं नये. हें मत आम्हांस मान्य नाहीं. वनांचें रक्षण करण्याच्या कामीं छायाचित्रानें जें साह्य केलें आहे त्याचा या गृहस्थांस विसर पडलेला दिसतो.

अमेरिकेंतील योसेमिटी नांवाच्या दरींत १८६१ सालीं कार्लटन वॉटकिन्स हा छायाचित्रकार गेला. त्या काळीं कॅमेरा खिशांत मावत नसे. सुमारें अठरा इंच बाय बावीस इंच आकाराच्या कांचांवर तो चित्रें घेई. त्या कांचा, रसायनें, तंबू असें सारें ओझें खेंचरांच्या पाठीवर लादून न्यावें लागे. आणि कांच ओली आहे तोंवरच चित्र घेऊन तेथल्या तेथें अंधाऱ्या तंबूंत ती धुवावी लागे. ज्यांनीं ती दरी जन्मांत पाहिली नव्हती अशा दूरच्या लोकांनीं तीं चित्रें पाहिलीं. पुढें १८६४ सालीं, देशांत यादवी युद्ध पेटलेलें असतांना, अध्यक्ष लिंकन यांनीं ती दरी सर्व लोकांसाठीं राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. तसेंच १८७१ सालीं हेडन यांच्या पाहणीपथकाबरोबर विल्यम हेन्री जॅक्सन हा यलोस्टोन प्रदेशांत गेला. त्यानें घेतलेलीं छायाचित्रें आणि त्याच पथकांतील टॉमस मोरान या चित्रकाराचीं चित्रें वॉशिंग्टनच्या लोकप्रतिनिधींनीं पाहिलीं, आणि १ मार्च १८७२ रोजीं यलोस्टोन हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें. केवळ चित्रांनींच हें कार्य झालें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु न पाहिलेल्या भूमीविषयीं माणसाच्या मनांत प्रेम उत्पन्न करण्याचें सामर्थ्य त्या कांचांत होतें, यांत शंका नाहीं.

आपल्या देशांतील उदाहरण याहूनहि बोधप्रद आहे. ज्या काळीं मोठमोठे साहेबलोक व संस्थानिक वाघावर पाय देऊन आपलें चित्र काढवून घेत, त्याच काळीं संयुक्त प्रांतांतील एफ्. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्यानें बंदुकीऐवजीं कॅमेरा हातीं घेतला. वाघाच्या येण्याजाण्याची वाट तो पाउलांच्या ठशांवरून शोधून काढी. त्या वाटेच्या कडेस कॅमेरा मांडी. वाटेवर एक बारीक तार अशी ताणून ठेवी, कीं वाघाचा पाय तिला लागतांच उजेडाचा लोळ उठावा आणि चित्र निघावें. एवढें करून तो स्वस्थ घरीं जाई. वाघ आपल्या वेळेस, आपल्या वाटेनें, आपल्या कामासाठीं येई, आणि जणूं आपलें चित्र आपणच काढून जाई. पुष्कळदां तारेस दुसऱ्याच जनावराचा पाय लागे, पुष्कळदां कांहींच येत नसे. तरीहि हा क्रम त्यानें वर्षानुवर्षें चालविला, आणि १९२७ सालीं त्याचें व्याघ्रभूमींतील छायाचित्रांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात आणि त्यांवरून तो ओळखतां येतो, ही गोष्ट त्याच्या चित्रांवरून स्पष्ट दिसूं लागली.

तीं चित्रें पाहून ज्याचें मन पालटलें अशांत जिम कॉर्बेट यांची गणना होते. नरभक्षक वाघांचे शिकारी म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु उत्तरायुष्यांत त्यांनीं कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. वाघाचें चलच्चित्र घ्यावयाचें तर यंत्राच्या खडखडाटानें तो बुजतो, असा त्यांस अनुभव आला. तेव्हां रानांतील एका झऱ्याचें पाणी वळवून त्यांनीं लहान लहान धबधबे केले, कीं त्या पाण्याच्या आवाजांत यंत्राचा आवाज बुडून जावा. आणि मग महिनोन्महिने ते तेथें बसले. भारतांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान, जें १९३६ सालीं हेली या नांवानें स्थापन झालें, त्यास १९५७ सालीं कॉर्बेट यांचें नांव देण्यांत आलें, हें योग्यच झालें.

चँपियनच्या त्या तारेचा वंश आजहि चालूं आहे. व्याघ्रगणनेसाठीं आतां रानांत झाडांच्या बुंध्यांस जे आपोआप चालणारे कॅमेरे बांधतात, ते त्याच कल्पनेचे वारस होत. २०१८ च्या गणनेंत २६,८३८ ठिकाणीं असे कॅमेरे लाविले होते, आणि त्यांनीं तीन कोटि अठ्ठेचाळीस लक्षांहून अधिक चित्रें घेतलीं. त्यांपैकीं वाघाचीं होतीं सुमारें शहात्तर हजार. बाकीचीं इतर जनावरांचीं, माणसांचीं, गुरांचीं, किंवा वाऱ्यानें हाललेल्या गवताचीं! पट्ट्यांवरून वाघ निरनिराळे ओळखून त्यांची संख्या ठरविली जाते. २००६ सालीं देशांत १,४११ वाघ असल्याचा अंदाज होता. २०२२ च्या गणनेंत हाच आंकडा ३,६८२ झाला, आणि त्यांत महाराष्ट्राचे ४४४ होते. तेव्हां कॅमेरा वनाचा वैरी आहे असें कोण म्हणेल?

परंतु वर सांगितलेल्या सर्वांच्या ठायीं एक गुण समान होता, इकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. कोणी ओझें वाहिलें, कोणी तार मांडून रिकाम्या हातानें घरीं गेला, कोणी महिनोन्महिने बसून राहिला. वाघानें आपल्यासाठीं थांबावें असें यांपैकीं कोणासहि वाटलें नाहीं. आतां याच्या उलट बाजू पाहा.

३१ डिसेंबर २०२४ रोजीं, म्हणजे वर्षाच्या अखेरच्या दिवशीं, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत एक वाघीण आपल्या पांच बछड्यांसह वाटेवर आली. पर्यटकांच्या जिप्सी दोन्ही बाजूंनीं येऊन उभ्या राहिल्या. आईस व पिलांस पुढें जातां येईना, मागें जातां येईना. आणि गाड्यांतून कॅमेरे चालूं होते. हीं दृश्यें लोकांपुढें आलीं तेव्हां मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. चालक व गाईड यांच्यावर कारवाई झाली. ती व्हावयासच पाहिजे होती. तथापि आमच्या मनांत एक प्रश्न उरतो. त्या गाड्या तेथें उभ्या राहिल्या त्या कोणाच्या इच्छेनें? वनाच्या कडेच्या गांवांत राहणारा चालक तोच वाघ वर्षभर पाहत असतो; त्यास त्याचें एवढें अप्रूप नसतें. "जरा पुढें घे, आणखी थोडी जवळ घे, खूष करूं तुला," असें म्हणणारा मागच्या बांकावर बसलेला असतो. शिक्षा पुढच्या बांकास झाली. मागच्या बांकावरील मंडळी आपलीं चित्रें घेऊन घरीं गेली.

१९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस आळा घातला. बंदूक गेली, परंतु बंदुकीच्या मागें जें मन होतें तें गेलें काय? पूर्वीं दिवाणखान्यांत वाघाचें कातडें टांगीत, आज त्याचें चित्र टांगतात. वाघाच्या दृष्टीनें हा फरक फार मोठा आहे, कारण तो जिवंत राहतो. पण टांगणाराच्या दृष्टीनें कित्येकदां कांहींच फरक नसतो. 'मीं मिळविला' हा अहंकार दोहोंकडे सारखाच. इंग्रजी भाषेंत तर गोळी झाडणें व छायाचित्र घेणें या दोहोंस एकच क्रियापद आहे!

यावर पालक म्हणतील, "आम्ही एवढा खर्च करितों, महिनोन्महिने आधीं जागा राखून ठेवितों, मुलांस घेऊन शेंकडों मैल जातों, मग वाघ दिसावा अशी इच्छा धरणें हा काय गुन्हा झाला?" मुळींच नाहीं. वाघ पाहण्याची इच्छा कोणास होणार नाहीं? आम्हांसहि होते. परंतु आपण जें शुल्क भरितों तें दारांतून आंत जाण्याचें भरितों. वाघाची किंमत त्यांत धरलेली नसते. पैसे मोजले म्हणजे सृष्टि आपल्या हुकमांत वागते, ही समजूत मुलाच्या मनांत लहानपणीं रुजली तर ती पुढें वनांतच राहणार नाहीं; माणसांशीं वागतांनाहि ती डोकें वर काढील. आमची खरी भीति ही आहे.

बायबलांतील एकशें चौथ्या स्तोत्रांत एक सुंदर वांटणी वर्णिली आहे. रात्र पडली म्हणजे रानांतील पशु बाहेर निघतात आणि सिंहाचे छावे देवाजवळ आपलें अन्न मागतात. सूर्य उगवला म्हणजे ते आपल्या गुहांत जाऊन निजतात, आणि मग मनुष्य आपल्या कामास निघून संध्याकाळपर्यंत राबतो. स्तोत्रकर्त्याच्या मतें वेळ ईश्वरानें दोघांनाहि वांटून दिली आहे, आणि दोघेहि त्याच्याच दारचे अन्नार्थी आहेत. ज्यास आपण पाहावयास जातों त्याचेंहि एक काम आहे, त्याचीहि एक न्याहारी आहे, ही जाणीव ज्याच्या मनांत आहे तो वाट कशी अडवील?

आतां वाट पाहण्यांत काय मिळतें तें सांगितलें पाहिजे. नाहींपेक्षां आमचा उपदेश कोरडा ठरेल. पाणवठ्याजवळ गाडी उभी करून चालकास यंत्र बंद करावयास सांगावें. पहिलीं पांच मिनिटें कांहीं घडत नाहीं. नंतर रान बोलूं लागतें. झाडावर वानरें पाला ओरबाडीत असतात आणि त्यांच्या हातून गळलेला पाला खाली चितळें खात असतात. वानराचा डोळा उंचावरून दूरचें पाहतो, चितळाचें नाक खालचा वास घेतें, आणि एकमेकांच्या सावधपणावर दोघेहि जगतात. एखादें वानर एकाएकीं खाकरतें, मागोमाग चितळ तीक्ष्ण स्वरानें ओरडतें, सर्व माना एका दिशेस वळतात. यास तिकडील गाईड 'कॉल' म्हणतात. त्या क्षणीं वाघ दिसो वा न दिसो, तो तेथें आहे हें सबंध रान आपणांस सांगत असतें. हें ज्यानें ऐकलें त्यास 'कांहींच दिसलें नाहीं' असें कसें म्हणवेल?

भूमीचें चित्र घेणारास तर कोणतेंहि अरण्य कधींच रिकाम्या हातानें परत पाठवीत नाहीं. हिंवाळ्यांतील पहांटे ताडोबाच्या तळ्यावर धुकें असतें, आणि तिरप्या उन्हाचे किरण त्यांतून येऊं लागले कीं पलीकडच्या कांठाचीं झाडें एकेक करून प्रगट होतात. फाल्गुनांत पळस पेटतो. ग्रीष्मांत सागाचीं पानें झडून सगळें रान उघडें पडतें, आणि मोहाची कोंवळी तांबूस पालवी तेवढी चमकते. सकाळच्या पहिल्या तासाचा आणि सायंकाळच्या शेवटच्या तासाचा प्रकाश मऊ असतो, सावल्या लांब पडतात. मध्यान्हीं तेंच दृश्य पांढरें फटक व सपाट दिसतें. ही गोष्ट ज्या विद्यार्थ्यास चित्र घेतां घेतां आपोआप कळली त्यानें पदार्थविज्ञानाचा एक धडा वनांतच वाचला. शिवाय कोळ्याचें दंव पडलेलें जाळें, वारूळ, सालीवरील अस्वलाच्या नखांचे ओरखडे, धुळींतील पाउलांचे ठसे, यांस मोठी भिंग लागत नाहीं व मोठा खर्चहि लागत नाहीं. रेव्हरंड टिळकांस महाराष्ट्र फुलामुलांचे कवि म्हणतो. लहान वस्तु पाहावयाचा त्यांचा डोळा आपल्या मुलांस लाभावा, असें आम्हांस वाटतें.

कॅमेरा नसला तरी वन पाहतां येतें, हेंहि या प्रसंगीं सांगणें अवश्य आहे. व्यंकटेश माडगूळकर यांनीं नागझिऱ्याच्या रानांत राहून त्याच नांवाचें पुस्तक लिहिलें. त्यांचा हात लेखणीप्रमाणेंच रेखाटनांतहि चालत असे. मारुति चितमपल्ली, जे २०२५ सालीं निवर्तले, त्यांनीं वनखात्याच्या नोकरींत आयुष्य काढून रानांतल्या लोकांच्या तोंडचे शब्द टिपले आणि ते मराठीच्या पदरांत घातले. ज्याच्या खिशांत वही व पेन्सिल आहे तो मुलगा श्रीमंताच्या मुलापेक्षां वनांत गरीब ठरत नाहीं.

आणखी एका गोष्टीकडे पाहुण्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. ताडोबाच्या गाभ्यांतील कांहीं गांवें वाघांसाठीं जागा मोकळी करून बाहेर जाऊन वसलीं आहेत. भोंवतालच्या गांवांतील लोक उन्हाळ्यांत मोहफुलें व तेंदूचीं पानें वेंचावयास रानांत जातात, आणि चंद्रपूर जिल्ह्यांत वाघाच्या हल्ल्यांत त्यांपैकीं कित्येकांचे प्राण गेले आहेत. आपण ज्या वाघाचें चित्र घेऊन हर्षानें परततों, त्या वाघाच्या शेजारीं हीं माणसें बारा महिने राहतात. आपली गाडी हांकणारा, आपणांस पक्ष्याचें नांव सांगणारा, आपणांस जेवूं घालणारा याच लोकांतला असतो. त्याच्याशीं अदबीनें बोलावें, त्याचे घरीं कोण कोण आहे तें विचारावें, आणि तो "आतां पुरे, मागें फिरूं" म्हणाला तर त्याचें ऐकावें.

म्हणून वनांत जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस कांहीं सूचना कराव्याशा वाटतात. गाडी जवळ नेण्याचा आग्रह धरूं नये. दूर उभें राहून घेतलेल्या चित्रांत प्राण्याबरोबर त्याचें घरहि येतें, आणि तेंच चित्र अधिक खरें असतें. प्राण्यावर झगझगीत दिवा सोडूं नये. आरोळी, शीळ किंवा टाळी वाजवून त्यास आपल्याकडे पाहावयास लावूं नये. पक्ष्याच्या घरट्यापुढील फांदी चित्रासाठीं वांकवूं किंवा तोडूं नये. ती फांदी पिलांची छत्री असते, आणि ती दूर झाली म्हणजे ऊन व कावळा हे दोघेहि त्यांस गांठतात. दुर्मिळ प्राण्याचा किंवा घरट्याचा ठावठिकाणा चित्राबरोबर जगजाहीर करूं नये. ताडोबाच्या गाभ्यांत फिरतांना मोबाइल वापरण्यास मनाई आहे. तो नियम शिक्षेच्या भयानें पाळण्यापेक्षां समजून पाळावा. आणि दिवसांतून एक वेळ तरी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतें बसावें; आपल्या डोळ्यांहून चांगलें भिंग अद्यापि कोणीं केलेलें नाहीं.

पालकांस आमची विनंति एकच आहे, आणि ती पाळावयास कवडीचाहि खर्च नाहीं. मुलगा किंवा मुलगी वनांतून परत आली म्हणजे "वाघ दिसला का?" हा प्रश्न प्रथम विचारूं नका. "काय ऐकलेंस? कोणतें झाड ओळखलेंस? कोणाची वाट पाहिलीस?" असें विचारा. प्रश्न बदलला म्हणजे पाहणें बदलतें, आणि पाहणें बदललें म्हणजे वाटेवरची गाडी आपोआप दोन हात मागें थांबते.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं दुसऱ्या दिवशीं त्याचीं चित्रें घेऊन बोलाविलें. पुष्कळशीं घाईंत घेतलेलीं व हाललेलीं होतीं. एकांत मात्र धुळीची वाट होती, आणि त्या धुळींत एका मोठ्या पाउलाचा ताजा ठसा उमटलेला होता. "हें काय?" आम्हीं विचारिलें. "गाईड म्हणाला, वाघ पहांटे येथून गेला," तो म्हणाला. मग कांहीं वेळ तो त्या चित्राकडे पाहत राहिला, आणि हळूच म्हणाला, "म्हणजे सर, तो होता तेथें." आम्हांस वाटतें, त्या मुलाची ताडोबाची सहल त्या क्षणीं सुरू झाली.